रोजचा सामना

व्यापारावरच्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर हल्ली दुकानदार सहसा दिसत नाही. तिथे फीत तोडणारा धावपटू असतो, नाहीतर बॅट उंचावलेला फलंदाज. आत पहिल्या पानावर जिद्द, दुसऱ्यावर चिकाटी, तिसऱ्यावर मोठी स्वप्ने. अमरगोळच्या मार्केट यार्डात हमालांच्याही आधी येऊन उभ्या राहणाऱ्या माणसाला चिकाटी शिकवायला निघालेल्या लेखकाचे मला कौतुकच वाटते. चिकाटी नसती तर नोटाबंदी, जीएसटी आणि टाळेबंद्या पचवून तो माणूस तिथे उभाच राहिला नसता.

तरीही अव्वल खेळाडूंकडून छोट्या व्यापाऱ्याने काहीतरी घ्यावे असे मला ठामपणे वाटते. त्याशिवाय एवढी पाने लिहिण्याची खटपट केली नसती. फक्त घ्यायचे ते विजयमंचावर सापडत नाही. ते चाललेले असते सामना नसलेल्या दिवशी, रिकाम्या मैदानात, गळ्यात शिट्टी अडकवलेल्या एखाद्या खडूस माणसासमोर.

आधी जागेविषयी थोडे. हुबळीहून धारवाडकडे निघाले की लागणारे अमरगोळ एकेकाळी स्वतंत्र गाव होते. तिथली जुनी दगडी देवळे अजून त्याची साक्ष देतात. आता ते जुळ्या शहराच्या पोटात गेले आहे आणि रस्त्यावरून ‘चिगरी’ बसगाड्या धावतात. पण व्यापारी माणसाला अमरगोळ म्हटले की देऊळ आठवत नाही, मार्केट यार्ड आठवते. मिरची, कापूस, शेंगा, मूग, कांदा. या मालाच्या आधाराने आजूबाजूला जगणारा धंदा मालापेक्षा मोठा आहे: अडतीची दुकाने, बारदानवाले, वजनकाटे दुरुस्त करणारे, ट्रकचे बुकिंग घेणारे, पंक्चरवाले, खानावळी, चहाच्या टपऱ्या, किराणा. यात मराठी घरेही आहेत, कोणी दोन पिढ्यांपूर्वी आलेले, कोणी त्याही आधीचे. गिऱ्हाइकाशी कानडी, घरात मराठी आणि भांडण रंगात आले की दोन्ही, अशी त्यांची रीत. मी त्यांच्यापैकी काहींचे हिशेब लिहितो. या पुस्तकातली प्रकरणे त्या हिशेबांवर बसून झालेल्या बोलण्यांतून निघाली आहेत, म्हणून त्यांना क्रम आहे पण शिस्त थोडी कमी आहे.

हिशेब लिहिताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. दुकानदाराला सामना रोजचा असतो आणि सराव कधीच नसतो. शटर वर गेले की सामना सुरू. खाली आले की माणूस इतका थकलेला असतो की आज काय चुकले हे बघण्याची ताकद उरत नाही. खेळाडूचे नेमके उलटे आहे. स्टीपलचेसच्या धावपटूची खरी महत्त्वाची शर्यत वर्षातून मोजक्या वेळा येते आणि ती साडेआठ मिनिटांच्या आत संपते. उरलेले वर्ष तयारीचे. कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागातल्या कुस्तीचेही तेच. पावसाळ्यात जत्रांची मैदाने नसतात, पण तालमी भरलेल्या असतात. हौद्यातली माती ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळली जाते आणि जोर-बैठकांचा आकडा तेव्हाच चढतो. आपल्या यार्डातही जून-जुलैत आवक मंदावते. ते दिवस आमची मंडळी गल्ल्यावर हात टेकून ‘मार्केटच नाही’ म्हणत काढतात. या पुस्तकाला सांगायचे आहे ते एवढेच: ते दिवस तालमीचे आहेत, आणि तालमीत वस्ताद लागतो.

मोजण्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे खेळाडू आणि दुकानदार एकाच माणसात सापडतात. फिनलंडचा पावो नुर्मी हा १९२० ते १९२८ या तीन ऑलिंपिकमध्ये ९ सुवर्ण आणि ३ रौप्य पदके मिळवणारा धावपटू. हा मनुष्य हातात स्टॉपवॉच धरून पळत असे. शेजारचा किती पुढे आहे याकडे त्याचे लक्ष कमी. आपली फेरी ठरल्या वेळेत झाली की नाही, हे तो बघे. याच नुर्मीने १९३६ साली हेलसिंकीत पुरुषांच्या कपड्यांचे दुकान काढले. पुढे घरबांधणीतही पैसा केला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकची ज्योत स्टेडियममध्ये घेऊन धावत आला तेव्हा तो पंचावन्न वर्षांचा दुकानदार होता. पन्नाशी ओलांडलेल्या माझ्या वाचकांना ही माहिती मुद्दाम देतो.

दुकानात स्टॉपवॉच कसले? विक्रीचा आकडा तर सगळ्यांना तोंडपाठ असतो. विचारा कोणालाही, ‘काल किती झाला?’ पटकन उत्तर येते, थोडे कमी करूनच येते. पण विक्री म्हणजे प्रेक्षकांच्या टाळ्या. वेळ वेगळीच आहे: गल्ल्यातून बाहेर पडलेला रुपया माल होऊन, उधारी होऊन, पुन्हा गल्ल्यात यायला किती दिवस घेतो? समजा एखाद्याचे स्वतःचे खेळते भांडवल ५ लाख आहे आणि विक्रीवर त्याला ४ टक्के सुटतात. रुपया ६० दिवसांनी परत येत असेल तर वर्षाला तो सहा वेळा फिरतो, विक्री सुमारे ३० लाख, सुटले सव्वा लाखाच्या आसपास. तोच रुपया ५० दिवसांत परत आला तर सव्वासात वेळा फिरतो, विक्री साडेछत्तीस लाख, सुटले १ लाख ४६ हजार. भाव वाढवला नाही, पाटी बदलली नाही, नवे गिऱ्हाईक शोधले नाही. दहा दिवस कमी झाले आणि घरात सुमारे २४ हजार जास्त आले. मुलीची वर्षाची कॉलेजची फी झाली की!

हे दहा दिवस एकदम कमी होत नाहीत, आणि इथे मला अविनाश साबळेचा आधार घ्यावासा वाटतो. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा हा मुलगा. आईवडील वीटभट्टीवर कामाला. तो सैन्यात गेला, सियाचीनला राहिला, आणि धावण्याकडे वळला तो वयाची विशी उलटल्यावर. २०१८ साली भुवनेश्वरला त्याने ३,००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटे २९.८० सेकंद वेळ दिली आणि गोपाळ सैनी यांचा ३७ वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. मोडला तो जेमतेम एका सेकंदाने. त्यानंतर त्याने स्वतःचाच विक्रम पुन्हा पुन्हा मोडला, कधी एका सेकंदाने, कधी चार सेकंदांनी, आणि जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटे ०९.९१ सेकंदांवर आला. सहा वर्षांत वीस सेकंद. यातली गंमत बघा: टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याने राष्ट्रीय विक्रम केला आणि तरी अंतिम फेरी हुकली. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत बर्मिंगहॅमला पुन्हा विक्रम केला आणि सुवर्णपदक ०.०५ सेकंदाने गेले. निकाल आणि वेळ या दोन वेगळ्या नोंदी आहेत. निकालात दुसऱ्यांचा हात असतो. वेळ आपली. भाव पडला, पाऊस आला, समोर सुपरमार्केट उघडले, हा सगळा निकालाचा भाग. उधारी किती दिवसांत आली, ही वेळ. माझ्या अनुभवात ज्या दुकानदाराने ही वेळ महिन्याच्या महिन्याला एका वहीत लिहायला घेतली, त्याची झोप तरी सुधारली. नफा सुधारायला थोडा उशीर लागतो.

आता खाशाबा. या प्रस्तावनेत सर्वांत जास्त जागा मी त्यांना देणार आहे, कारण खाशाबा जाधवांची गोष्ट आपल्याकडे पदकाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. मला ती नेहमी भांडवलाची गोष्ट वाटत आली आहे.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेला तो कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीवर. आयुष्य लाल मातीत गेलेले. तिथे कुस्ती गादीवर. नियम वेगळे, गुण वेगळे, पायाखालची पकडही वेगळी. तरी सहावा क्रमांक आला. मातीत चालणारा डाव गादीवर तसाच चालत नाही, हे कळायला त्याला लंडन गाठावे लागले. रीस गार्डनर या अमेरिकन कुस्तीगिराचे मार्गदर्शन तिथे मिळाले. परत आल्यावर पुढची चार वर्षे सराव झाला तो गादीचे नियम डोळ्यांसमोर ठेवून, आणि वजनगटही वरचा घेतला. आपल्यातला जो दुकानदार मोबाइलवरून माल मागवणाऱ्या गिऱ्हाइकाला नावे ठेवत बसला आहे, त्याने लंडन ते हेलसिंकी या चार वर्षांचे प्रकरण सावकाश वाचावे. खाशाबांनी मातीला शिव्या दिल्या नाहीत आणि गादीलाही दिल्या नाहीत.

हेलसिंकीला जायचे तर पैसे हवेत. गावोगाव वर्गणी झाली. कमी पडत होते तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले. त्या काळचे ७ हजार! आणि हा पैसा ज्याच्यासाठी उभा केला त्याच्याकडे तारण काहीच नव्हते, एका विद्यार्थ्याची पाठ सोडून. खाशाबा कांस्यपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मिरवणुकीला शंभराहून अधिक बैलगाड्या होत्या असे सांगतात. मिरवणूक सगळ्यांना आठवते. त्यानंतर त्यांनी काय केले, ते कमी लोकांना ठाऊक असते: कुस्त्यांची मैदाने भरवली, स्वतः उतरले, आणि त्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडवले. नातेवाइकाकडून धंद्यासाठी घेतलेला पैसा ‘घरचाच आहे’ म्हणून सर्वांत शेवटी फेडायचा असतो, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. खाशाबांच्या वहीत तो पहिल्या ओळीत होता.

पण या गोष्टीतला माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग पदकाच्या थोडा आधी येतो. जपानच्या शोहाची इशीशी खाशाबांची कुस्ती लांबली. ती संपते न संपते तोच सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवशी लढायला त्यांना बोलावण्यात आले. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी, असा नियम होता. नियम छापलेला होता. तो दाखवून ‘थांबा’ म्हणायला त्या क्षणी एकही भारतीय अधिकारी तिथे हजर नव्हता. खाशाबा दमलेल्या अंगाने उतरले आणि हरले.

याच्या शेजारी २०१९ ठेवा. दोहाच्या जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीत साबळेच्या वाटेत दुसऱ्या धावपटूंची पडझड झाली, त्याची लय तुटली आणि तो बाहेर गेला. या वेळी भारतीय ॲथलेटिक्स महासंघाने रीतसर हरकत नोंदवली. चित्रफीत तपासली गेली, हरकत मान्य झाली आणि साबळेला अंतिम फेरीत घेण्यात आले. तिथे त्याने राष्ट्रीय विक्रम केला आणि टोकियोचे तिकीटही मिळवले. दोघेही मैदानातले गडी, दोघांच्याही बाजूने नियम होता. एकाच्या मागे बोलणारे कोणी होते, दुसऱ्याच्या मागे नव्हते.

हुबळीत गोकुळ रोड आणि तारिहाळ भागात व्हॉल्व्ह, त्यांचे सुटे भाग, ओतकाम, यंत्रकाम करणारे कितीतरी छोटे कारखानदार आहेत. मोठ्या गिऱ्हाइकाकडून बिलाचा पैसा तीन-तीन, चार-चार महिने येत नाही, ही त्यांची कायमची रड. नियम मात्र छापलेला आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचा पैसा लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचा, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याला चक्रवाढ. २०२३-२४ पासून आयकरातही तरतूद आली, की मुदतीत पैसा दिला नाही तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. कागदावर यापेक्षा दणकट ढाल कोणती हवी? (निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला हे कवच नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर यार्डातली मंडळी उद्या माझ्याकडे येतील.) पण कारखानदार हा नियम काढून दाखवत नाही. दाखवला तर पुढची ऑर्डर जाईल, ही भीती खोटी नाही. हेलसिंकीत खाशाबा स्वतः पंचांशी भांडत बसले असते तर उरलेला दमही गेला असता. पैलवानाने कुस्ती करायची आणि नियमाचे त्याच्या बाजूच्या माणसाने बघायचे, अशी वाटणी हवी. तो माणूस म्हणजे हिशेबनीस असेल, संघटनेचा सचिव असेल, चार कारखान्यांनी मिळून ठेवलेला एखादा वसुलीचा पोऱ्या असेल. पत्र संघटनेच्या कागदावर गेले की कुणा एकावर राग निघत नाही. या पुस्तकातले सर्वांत लांब प्रकरण या पत्रांवर आहे आणि त्याबद्दल मी दिलगीर नाही.

वस्तादाचा उल्लेख वर आला. तालमीत पैलवान स्वतःची चूक स्वतः शोधत नाही. त्याला ती दिसतच नाही, कारण तो डावाच्या आत असतो. एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले १९५९ साली. गाव आपल्या बेळगाव जिल्ह्यातले, पण घडले कोल्हापूरच्या तालमीत. घर सोडून, सीमा ओलांडून माणूस वस्तादाच्या पायाशी गेला तो केवळ डाव शिकायला नव्हे. रोज कोणीतरी बघणारा हवा म्हणून. दुकानदाराचे बघणारे कोण? बायको बघते, पण तिने दुकानात बोलायचे नाही असा अनेक घरांत दंडक. मुलगा बघतो, त्याला ‘तुला काय कळतंय’. नोकर बघतो आणि गप्प बसतो. महिन्यातून एकदा, धंद्याबाहेरच्या पण आकडा कळणाऱ्या एका माणसासमोर वही उघडून बसायचे आणि त्याने विचारलेल्या प्रश्नांवर चिडायचे नाही, एवढी साधी सोय या पुस्तकात सुचवली आहे. चिडायचे नाही, हा भाग कठीण आहे.

सुनील जोशींची आठवण इथेच काढतो. गदगचा हा डावखुरा फिरकी गोलंदाज शाळकरी वयात गदगहून पहाटे निघून हुबळीत सराव करी आणि शाळेच्या वेळेला परत गदग गाठी. अंतर सुमारे ६० किलोमीटर, एकेरी. १९९९ साली नैरोबीत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध त्यांनी १० षटकांत ६ धावा देऊन ५ बळी घेतले, त्यातली ६ षटके निर्धाव. ते पृथक्करण पाहिले की मला ती पहाट दिसते. गदगमध्ये मुलाला अडवणारे काही नव्हते, मोकळी जागा होतीच. पण ज्या दर्जाचा सराव हवा तो हुबळीत होता, म्हणून जायचे. आमच्या इथला बेकरीवाला बेळगावच्या बेकरीत दोन दिवस उभा राहून भट्टी बघायला तयार नसतो. लाज वाटते. लाजेचा खर्च हिशेबात कुठल्या खात्यावर टाकावा, ते मला अजून कोणी सांगितलेले नाही.

क्रिकेटमधले आणखी एकच उदाहरण देतो आणि थांबतो, नाहीतर प्रस्तावना बाजूला राहून समालोचन सुरू होईल. ऑगस्ट २००२, हेडिंग्ले. ढगाळ हवा, चेंडू स्विंग होणारच अशी खेळपट्टी, आणि गांगुलीने नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली. सेहवाग लवकर गेला. मग बीडचा संजय बांगर आणि आपल्या कर्नाटकातल्या मराठी घरचा राहुल द्रविड यांनी दुसऱ्या गड्यासाठी १७० धावा जोडल्या. बांगरने २३६ चेंडूंत ६८ केल्या. कंटाळवाणा खेळ म्हणतील तो हाच. त्यानंतर द्रविड १४८, तेंडुलकर १९३, गांगुली १२८; भारताने ८ बाद ६२८ वर डाव सोडला आणि सामना एक डाव ४६ धावांनी जिंकला. तीन शतके सगळ्यांच्या लक्षात आहेत. बांगरचे कसोटी आयुष्य १२ सामन्यांत आटोपले. प्रत्येक दुकानात एक बांगर असतो. तो गोदामात मालाची तारीख बघतो, जुना माल पुढे लावतो, बड्या गिऱ्हाइकाचा ट्रक येण्याआधी पावत्या तयार ठेवतो. मालक शतके ठोकतो ते याने सकाळचा नवा चेंडू खेळून काढला म्हणून. पगारवाढीच्या वेळी मात्र गोड बोलणारा काउंटरवाला आठवतो. याच्यावर वेगळे प्रकरण आहे. ते वाचून दोन मालकांनी माझ्याशी बोलणे कमी केले आहे, म्हणजे ते बरे उतरले असावे.

विश्रांतीबद्दल मराठी व्यापाऱ्याला सांगायला जावे तर पुण्याच्या चितळ्यांचा दाखला लगेच तोंडावर फेकला जातो. दुपारी एक ते चार दुकान बंद, यावर महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या विनोद केले आणि तरी बाकरवडी संपतच राहिली. २०१७ मध्ये त्यांनीही दुपारी दुकान उघडे ठेवायला सुरुवात केली, तेव्हा विनोदकारांचे नुकसान झाले. माझा मुद्दा दुपारच्या झोपेचा नाही. धावपटूचा प्रशिक्षक मोठ्या शर्यतीआधीचे दोन आठवडे सराव मुद्दाम कमी करतो, कारण ताकद विश्रांतीत मुरते हे शरीराने त्याला दाखवून दिलेले असते. आम्ही दिवाळीच्या आदल्या पंधरवड्यात रात्री बारापर्यंत जागतो आणि ऐन धनत्रयोदशीला गिऱ्हाइकावर खेकसतो. साखर, रक्तदाब, कंबर ही तीन देणी ताळेबंदात दिसत नाहीत, पण वसुली वेळेवर होते.

आता ही तुलना कुठे फसते, तेही सांगितले पाहिजे. यार्डातल्या एका वयस्कर अडत्यांनी पहिला खर्डा वाचून मला विचारले, “पदक मिळालं की त्याचं संपलं. आमचं शटर उद्या परत वर करायचंच आहे की. मग त्याच्याकडून काय शिकू?” त्यांचे बरोबर आहे. खेळात विजयमंचावर तीनच जागा असतात. बाजारात चाळीस दुकाने शेजारी शेजारी पिढ्यान्‌पिढ्या जगतात आणि कोणालाच पहिला यावे लागत नाही. उलट मिरचीच्या गल्लीत चाळीस दुकाने आहेत म्हणून तर गिऱ्हाईक तिथे येते. शेजाऱ्याला चितपट करून आपला धंदा वाढेल, ही समजूत कुस्तीच्या आखाड्यात ठीक, गल्लीत घातक. दुसरे म्हणजे आपण ज्यांच्या गोष्टी सांगतो ते सगळे जिंकलेले. तितकाच घाम गाळून, तितकीच वर्गणी जमवून परतलेल्या आणि नंतर कुठेतरी रखवालदारी करणाऱ्या पैलवानांवर पुस्तके निघत नाहीत. खाशाबांवर घर लावणारे खर्डेकर आपल्याला थोर वाटतात कारण पदक आले. म्हणून या पुस्तकात कुठेही ‘घर गहाण टाका’ असा सल्ला नाही. वस्ताद पठ्ठ्याला सगळे डाव शिकवतो आणि एक राखून ठेवतो, असे म्हणतात. धंद्यातला राखून ठेवायचा डाव म्हणजे तीन महिन्यांच्या घरखर्चाएवढी, दुकानाच्या खात्याशी संबंध नसलेली ठेव. ती नसेल तर आधी ती करावी, पुस्तक नंतर वाचले तरी चालेल.

त्या अडत्यांना मी दिलेले उत्तर असे होते: खेळाडूचे पदक शिकू नका, त्याचा मंगळवार शिका. ज्या दिवशी सामना नाही, टीव्ही नाही, टाळ्या नाहीत, तो दिवस त्याने कसा लावला आहे ते बघा. त्यांनी मान हलवली, पटले म्हणून की कंटाळा आला म्हणून, ते कळले नाही. पण नंतर त्यांनी त्यांच्या नातवाला माझ्याकडे वही घेऊन पाठवले.

पुस्तक कसे वाचावे याविषयी दोन सूचना. प्रकरणे स्वतंत्र आहेत. अडतवाल्यांनी उधारीचे, कारखानदारांनी पत्रांचे, किराणावाल्यांनी मालाच्या फेऱ्यांचे प्रकरण आधी घ्यावे. खेळाडूंचे किस्से हवे असतील तर ते प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला आहेत, पण तेवढेच वाचून पुस्तक मिटणाऱ्याला मी ओळखतो आणि तोही मला ओळखतो. शेवटी बारा कोरे तक्ते दिले आहेत, महिन्याला एक. प्रत्येकात चारच रकाने: माल किती दिवस पडून राहिला, उधारी किती दिवसांनी आली, आपण घेणेकऱ्याला किती दिवसांनी दिले, आणि महिन्यात किती दिवस दुकान मुद्दाम बंद ठेवले. चोपडीपूजनाच्या मुहूर्ताची वाट बघू नये. पहिल्या दोन महिन्यांचे आकडे अंदाजाचे असतात, म्हणून तक्ते शिसपेन्सिलीने भरावेत.